शिन-कोबेपर्यंत गव्हर्नरसान

कोबेला जायचं ठरलं ते नातीच्या आवाजासाठी. लेकाला सॉफ्टवेअरच्या कामानं टोकियोत आणलं, आम्ही सगळे तिथल्याच ओजिमा भागात राहायला आलो आणि घरात पोपटासारखी बोलणारी आमची सई शाळेत मुकी झाली. वर्गात एक शब्द नाही. आता कोबेच्या एका शाळेत इंग्रजी भाषणांची स्पर्धा होती. सईच्या वाट्याला अमेरिकेतल्या एका राज्याचा अगदी सुरुवातीचा गव्हर्नर आला होता. कागद हातात न घेता बोलायचं. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, सून मीनल टाइप करतेय. चुका तिच्या.

जाणार असाल तर ऐका. शिनकान्सेन, म्हणजे इथली वेगवान आगगाडी, महाग; जागा राखून ठेवली नाही तर जरा स्वस्त पडते, पण लवकर जाऊन रांग धरा. जाताना उजवीकडे बसा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. स्टेशनावरच्या भाताच्या गोळ्यात बहुधा मासा निघतो. कचऱ्याला पिशवीही न्या, इथे वाटेत कचरापेट्या सापडत नाहीत.

गाडी सुटली तशी मीनलचा डोळा लागला आणि सई माझ्याशेजारी भाषण पुटपुटू लागली. दरवेळी मध्येच अडकायची.

"मला सांग. मराठीत."

"आजी, गव्हर्नर म्हणजे... राज्यपाल."

"फिती कापणारा? त्याच्यासाठी एवढ्या लांब?"

"नाही गं! त्याला लोकांनी मतं देऊन निवडलं होतं."

नाव माझ्या जिभेला पेलेना, म्हणून तो गव्हर्नरसान झाला; इथे आपल्या 'राव'सारखं 'सान' लावतात. बाजाराला जाताना मी वाटेवरच्या एकेका दुकानाला एकेक जिन्नस टांगून लक्षात ठेवते. तसं त्याचं आयुष्य आम्ही स्टेशनांना टांगलं. शिनागावाला शेतकऱ्याच्या घरी जन्म. योकोहामाला बाप गेला. पोरगा जमिनी मोजत मोजत कायदा शिकला. नागोयाला इंग्रज राजाशी लढाई. क्योटोला गव्हर्नर. ओसाकाला निवडणूक हरला. शेवटी कोबेच्या स्टेशनाला, शिन-कोबेला, घरी.

योकोहामा मागे पडलं आणि खिडकीत फुजी उभा राहिला. एवढा मोठा, आणि आवाज नाही! मी हात जोडले.

"त्याला न बोलून चालतं," मी सईला म्हटलं. "तुला नाही चालायचं."

सईनं बोटांवर पुन्हा स्टेशनं मोजली.

"हरल्यावर काय केलं गं त्यानं?" मी विचारलं.

"काही नाही. घोड्यावर बसून घरी गेला. नांगर धरला."

लढाई मारलेला माणूस, मतं कमी पडली म्हणून मुकाट उठला! आमच्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी उठत नाही.

कोबेत शाळा चढावर आहे. गुडघे माझ्यासारखे असतील तर बस घ्या.

सई उभी राहिली. सुरू झाली, बरीच बोलली आणि थांबली. ओठ हलेनात. मीनलनं माझा हात आवळला. इथे असं ओरडत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी मी ओरडले.

"सई, क्योटो आलं गं!"

सगळ्या माना वळल्या. मीनल खुर्चीत खाली सरकली. (हे टाइप करायला ती तयार नव्हती.) सई फिसकन हसली आणि बोलू लागली. शब्द कळले नाहीत, पण ओसाका आल्याचं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. शेवटचं वाक्य मागच्या भिंतीला जाऊन लागलं. फुजीला जोडले होते तसेच मी हात जोडले.

बक्षीस नाही मिळालं. गव्हर्नरसानसारखीच हरली आणि मजेत घरी आली.

काय उरलं म्हणाल, तर ओजिमात पिशवीतला कचरा वेगळा करताना सईनं आपणहून विषय काढला.

"आजी, आता तुझं सांग. स्टेशनांवर."

"सांगते. शिनागावाला जन्म..."

"आणि क्योटो? तू गव्हर्नर कधी झालीस?"

मी मीनलकडे पाहिलं. "थांब जरा. माझी गाडी अजून नागोयाच्या लढाईतच आहे."