दोघांना दिसणारा डोंगर

बाळांनो, सोमवारी गच्चीची डागडुजी करायला माणसं येणार आहेत. "ती सळयांची पट्टी भंगारात देऊन टाकू का?" असं तुमच्या बाबाने फोनवर विचारलं. पुन्हा पुन्हा समजावण्याची ताकद आता माझ्यात नाही. म्हणून ती बसवणाऱ्या शांतारामबद्दल एकदाच लिहून ठेवते.

शांताराम जवळच्या बेडसे गावचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. पहिल्यांदा आला तेव्हा पाणी घेतलं नाही, टेकला नाही. म्हणाला, "मावशी, आधी डोंगर दावा."

तुमच्या आजोबांचं फुप्फुस तेव्हा थकलं होतं. पलंग सुटत नव्हता. त्यांचे मित्र, मास्तर, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठ गावात राहतात. दोघांकडे हौशी रेडिओचा परवाना; रोज पाचला रेडिओवर गप्पा. फोन होता, पण फोनवर दोघे फक्त औषधांचं बोलत. आम्ही लोणावळ्यात या घरात आलो आणि मास्तरांचा आवाज बंद झाला. पाच वाजले की आजोबा भिंतीकडे तोंड करून पडत. मी माहितीपत्रकं वाचली, महागडी अँटेना आणली, होकायंत्र लावून नेमकी तिकोण्याकडे वळवली. नुसती खरखर.

शांताराम गच्चीवर हसला. "मावशी, इंग्रजी लय शिकलात, पर मधला डोंगर वाचायचा ऱ्हायला. तिकोण्याकडं नगा बघू. तुमाला बी दिसतो न् मास्तरास्नी बी, असा डोंगर बघा. आवाज त्याच्यावर आपटून तिकडं वळंल."

तो तुंगाचा सुळका होता.

माझी अँटेना त्याने दुकानात परत करायला लावली. पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या सळया मापाने कापून लाकडी पट्टीवर बसवल्या; हीच त्याची अँटेना. केबल मात्र चांगलीच आणवली. "सळई कसलीबी चालंल. वायर हलकी घ्याल, तर आवाज वाटंतच गळंल, फुटक्या नळावाणी."

पट्टी तुंगाकडे वळवली. पाच वाजता मास्तर कडाडले, "अरे, आहेस का गेलास?"

"तुला पोचवल्याशिवाय नाही जात," आजोबा म्हणाले, आणि धाप लागेपर्यंत हसले.

पण आधी आजोबाच गेले. मी शांतारामला म्हटलं, "काढून टाक आता हे." तो त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसला, चहा प्याला. "मावशी, मास्तर तितं कान लावून बसत्यात. परीक्षा द्या तुमी." या वयात मी परवान्याची परीक्षा दिली.

केबलमध्ये ओल शिरायला आमच्या धुक्याला एवढीशी फट पुरते. म्हणून दर मे महिन्यात येऊन तो केबलच्या सांध्यावरची रबरी टेप बदलायचा. यंदा आला नाही, थंडीतच गेला. टेप मी बदलली. जिना चढताना तीनदा बसले.

तेव्हा पट्टी काढायची नाही. सळया काळ्या पडल्या आहेत, पण तोंड तुंगाकडेच आहे. पाच वाजता मास्तर हाक मारतात, आणि मी ओ देते.