कोरा टॉवेल

माझ्या मुलीच्या गालांवरचे खड्डे तिनं खाजवल्यामुळे पडलेले नाहीत. ते माझ्यामुळे पडले. हे मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही, आणि जिचे गाल आहेत तिलाही नाही.

ती बालवाडीत असताना तिला कांजिण्या आल्या होत्या. खपल्या धरल्या की आमच्याकडं कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घालतात आणि अंग कोऱ्या कापडानं टिपतात. वापरलेलं चालत नाही. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला. कोरं म्हणून मागावरून उतरलेला, खळसुद्धा न धुतलेला खरखरीत टॉवेलच घरी आणला. नळाला पाणी आलं होतं, बायको खाली भरत होती. मला कारखान्यातली पाळी गाठायची घाई, पोरगी भिजून रडत उभी. मी टिपलं नाही, खसाखसा पुसलं. टॉवेलच्या धाग्यांत खपल्या अडकून आल्या. बायको वर आली तेव्हा पोरीच्या गालांवर रक्त होतं. मी म्हणालो, "खाजवलं की तिनं."

तेवढं एक वाक्य. पोरगी त्यावरच मोठी झाली.

गेल्या वर्षी तिनंच शोधून काढलं, की शहरातल्या एका दवाखान्यात अशा खड्ड्यांवरच्या उपचाराची चाचणी चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : पेनासारख्या यंत्राला बारीक सुया असतात, त्या टोचल्या की कातडी आतून स्वतःला भरायला लागते. एका गालावर नुसत्या सुया, दुसऱ्यावर सुया आणि तिच्याच रक्तातून काढलेला द्रव. कुठला गाल जास्त भरतो, ते बघायचं.

"म्हणजे रस्त्याचं कामच काढलंय," पोरगी म्हणाली. "महापालिकेचे बुजत नाहीत, माझे तरी बुजू देत."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग विचारलं, "खपल्या काढायची सवय आहे का? टोचल्यावर हात लावलात तर सगळं वाया."

"लहानपणी होती," ती म्हणाली. मी शेजारी बसून भिंतीकडं बघत होतो.

पहिल्यांदा टोचून आली तेव्हा चेहरा पिकल्या डाळिंबासारखा लाल झाला होता. दुपारी जेवून आडवी व्हायच्या आधी तिनं दोन्ही हातांत पायमोजे चढवले.

"हे काय गं?"

"झोपेत खाजवलं तर? माझ्या हातांचा भरवसा नाही, पप्पा. तुम्हीच बघितलंय की."

मी तिच्या हातांतले मोजे काढले आणि जे झालं होतं ते सांगितलं. पाळी, टॉवेल, खपल्या, सगळं.

"शाळेत नखं इतकी कापायची मी, की बोटं दुखायची," ती म्हणाली. "एक शब्द बोलला असतात तर."

दोन-तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पुढच्या खेपेला मात्र स्वतःच म्हणाली, "गाडी काढा, उशीर होतोय." हातांत मोजे तिनं पुन्हा घातले नाहीत, आणि गालाला हातही लावला नाही.

आता तीन खेपा झाल्या. कुठला गाल सरस ते चाचणीतल्या सगळ्यांचे फोटो तपासल्यावरच कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण दोन्ही भरतायत. बाजूनं उजेड पडला की खड्ड्यांत सावली साचायची, ती आता पातळ झालीय. परवा ती खिडकीशी उभी राहून आरशात बघत होती, चेहरा न फिरवता.

"आईला माहितीय का?" तिनं तिथूनच विचारलं.

"न्हाय."

"मग आजीची बोलणी ती कशाबद्दल खात होती?"

खरंच आहे ते. माझी आई जाईपर्यंत बायकोला ऐकवत राहिली, की हिचं लक्ष नव्हतं म्हणून पोरीनं तोंड ओरबाडलं. बायको ऐकून घ्यायची, कारण तिलाही तसंच वाटत होतं. मी तिथंच जेवत बसलेलो असायचो.

पोरीला सांगून झालं. बायकोला अजून सांगायचं आहे, आणि तिची माफी मागायची आहे.