पॉलिश पेपरची मुळाक्षरं

माझी बायको शाळेत शिकवते आणि मी वाळूजला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देतो. त्यामुळे शिक्षणक्षेत्रातलं माझं योगदान म्हणजे पुठ्ठे कापणं. बायको पेन्सिलीनं रेघ मारून देणार, मी कात्री चालवणार, आणि रेघ सुटली की ती म्हणणार, तुमच्यापेक्षा माझी दुसरीतली पोरं बरी. ती खोटं बोलत नसे. दुसरीतली पोरं खरंच बरी कापायची.

त्या जूनमध्ये माझ्या थोरल्या भावानं त्याची मुलगी बायकोच्याच शाळेत घालायला आमच्याकडे आणून सोडली. कन्नडच्या पुढं आमचं गाव. पोरगी चौथीत गेलेली, पण वाचता येत नव्हतं. भाऊ चहा पिता पिता बजावून गेला की दिवाळीपर्यंत हिला वाचता आलं तर ठीक, नाहीतर परत नेतो आणि धाकट्या पोराला पाठवतो. खर्च करायचाच तर जो शिकेल त्याच्यावर करावा. पोरगी तिथंच बसून चिवडा खात होती. आमच्या घराण्यात मुलांबद्दल बोलताना मुलांसमोर आवाज खाली करायची पद्धत नाही.

पोरगी मठ्ठ नव्हती. एकदा सांगितलेली गोष्ट ती सांगणाऱ्याच्या खोकल्यासकट परत सांगायची. गावातली कुठली म्हैस कुणाची, ती कधी व्याली, सगळं तोंडपाठ. फक्त अक्षर समोर आलं की ते तिच्या डोळ्यांपुढं जागेवर थांबायचं नाही. भ चा म व्हायचा, घ चा ध. बायकोनं आधी आपली जुनी रीत वापरली: गिरवून घेणं, नाही आलं तर पट्टी नाहीतर थप्पड, मग परत गिरवणं. पट्टीचे वळ उमटले, अक्षरं नाही उमटली. मग तिला कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं, की कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, कुणी हातांनी. घरी येऊन मला विचारलं, तुमच्या स्टोअरमध्ये खरखरीत काय असतं?

लोखंड घासायचा पॉलिश पेपर असतो. मी तो आणला, त्याची अक्षरं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली. तीन भ वाया गेले, चौथा बरा निघाला. पोरीनं डोळे मिटायचे, बोट अक्षरावरून फिरवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. बोटाची कातडी सोलली, पण भ भच राहिला.

बायकोला मग चेवच चढला. वर्गात ज्याला पाढे चालता चालताच यायचे त्याला मागं फेऱ्या मारायला परवानगी मिळाली. जिला ऐकूनच कळायचं तिला शेजारणीनं धडा वाचून दाखवायचा. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले की वर्गाचा मोंढ्यातला बाजार झालाय. पण पोरं शिकत होती, म्हणून ते गप्प बसले.

गणपतीपर्यंत पोरगी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून क्रांती चौकातल्या पाट्या वाचायला लागली. चष्मे. झेरॉक्स. ताजा उसाचा रस. एकदा मी एका दुकानापुढं गाडी लावली तर तिनं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "काका, इथं गाडी लावू नये लिहिलंय." दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं की शिकवायचं असेल तर आधी ह्या माणसाला शिकवा.

बापाला हे फोनवर सांगायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली होती. दिवाळीला तो न्यायला येईल तेव्हा नवा फ्रॉक घालून, समोर उभं राहून, एक आख्खा धडा वाचायचा. कुठला धडा, तेही तिचं ठरलं होतं.

तेवढ्यात शिक्षण परिषद आली. म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात आणि कुणीतरी नमुना पाठ घेऊन दाखवतं. मुख्याध्यापकांनी बायकोचं नाव दिलं. त्यांची मांडणी सरळ होती: आधी मुलाला येत नाही, मग आपली पद्धत, मग येतं. त्यासाठी न येणारं मूल पाहिजे. बायकोच्या वर्गात तशी दोनच उरली होती. एकाची आई भांडायला शाळेत येईल अशी होती, आणि दुसऱ्याला अनोळखी माणसं दिसली की उलटी व्हायची. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या घरचीच आहे की. घरच्या मुलाचं कोण विचारायला येतंय?"

मग आमच्या स्वयंपाकघरात न येण्याची तालीम सुरू झाली. बायको तक्त्यावरचं वाक्य पुढं धरायची आणि पोरगी घडाघडा वाचून मोकळी व्हायची. वाचता यायला लागलेल्या माणसाला न वाचणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. बायको म्हणायची, इथं थांब, इथं भ ला म म्हण, इथं माझ्याकडं बघ. पोरगी मान हलवायची आणि परत बरोबर वाचायची. तिसऱ्या दिवशी बायकोनं तिला एक ठेवून दिली. "परत बरोबर वाचलंस!" जूनमध्ये ह्याच हातानं, ह्याच गालावर, चुकीचं वाचलं म्हणून पडली होती. मी पुठ्ठा कापत बसलो होतो. कापायला तसं काही उरलं नव्हतं.

पाठ जोरात झाला. पोरगी अडखळली, थांबली, फ्रॉकचं टोक पिळलं. मग बोट फिरवलं, डोळे मिटले, आणि सगळं वाक्य खणखणीत. टाळ्या. पंधरा दिवसांत दुसऱ्या शाळेनं बोलावलं, मग तिसऱ्या. दर खेपेला ती आपल्या मनानं काहीतरी वाढवायची. खालचा ओठ चावायची, डोळ्यांत पाणी आणायची. वेरूळकडच्या एका बाईंनी तर पदर डोळ्याला लावला. शाळेत तिनं काकूला बाई म्हणायचं असा नियम होता, आणि ती तो चोख पाळायची.

त्या तिसऱ्या शाळेत कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं. ते ह्या गटातून त्या गटात फिरत आमच्या गावच्या सरांपर्यंत पोचलं, आणि सरांनी पोरगी ओळखून ते स्टेटसला ठेवलं. स्टेटसला मावला तेवढाच तुकडा ठेवला. त्यात ती अडखळते, फ्रॉक पिळते, रडकुंडीला येते. पुढचं नाही. कन्नडच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, सरांनी तो माझ्या भावाला दाखवला. चार माणसं मान वाकवून बघत होती.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला. दिवाळीला अजून अवकाश होता. हातात सीताफळांची पिशवी, फळं वर्तमानपत्रात गुंडाळलेली. राग आला तरी रिकाम्या हातानं यायचं नाही, हेही आमच्या घराण्यात आहेच. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, म्हणून बायको हातभर अंतरावर उभी असूनही सगळं माझ्यामार्फत चाललं.

"हिला विचार, पोरीला येत नव्हतं तर तसं सांगायचं. इतक्या मास्तरांपुढं कशाला उभी केली?"

मी म्हणालो, दादा, तिला येतं. ते नाटक होतं. तो म्हणाला, नाटक कशाचं? मी सांगायला गेलो आणि सांगता सांगता माझं मलाच ते इतकं विचित्र वाटायला लागलं की मी मध्येच थांबलो. शेवटी म्हटलं, थांब, ती वाचूनच दाखवते.

भावानं सीताफळांवरचा कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि पोरीपुढं धरला. जिची ती गणपतीपासून वाट बघत होती ती हीच वेळ. नवा फ्रॉक तेवढा नव्हता. तिनं कागद हातात घेतला, एकदा बापाकडं बघितलं, मग माझ्या बायकोकडं वळून विचारलं,

"बाई, अडखळून वाचू का नीट?"

"नीट," बायको म्हणाली. "नीट वाच, बाळा."

पोरीनं वाचलं. कापसावरच्या अळीची बातमी होती. फळाच्या चिकानं दोन शब्द पुसले होते ते सोडले तर कुठंही थांबली नाही. भाऊ कागदाकडं बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडं बघत होता. कागदाकडं बघून उपयोगही नव्हता. तो चौथीत असताना गुरुजींनी त्याच्या गळ्यात पाटी अडकवून त्याला शाळेच्या ओट्यावर उभं केलं होतं. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. सही तेवढी करतो.

"बरोबर वाचलं का?" त्यानं मला विचारलं.

"अगदी बरोबर."

"तू तर व्हयच म्हणणार. कालपर्यंत नाय येत म्हणून दाखवत व्हता, आज येतं म्हणून दाखवता. मला कसं कळावं?"

मी म्हणालो, वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावतो, ते सांगतील. त्यानं हात वर केला. आता आणखी माणसं नको गोळा करू म्हणाला.

पोरीनं न सांगता दुसरी बातमी सुरू केली, आधीपेक्षा मोठ्यानं. तो म्हणाला, बास. ती वाचत राहिली. त्यानं तिच्या हातातून कागद काढून घेतला आणि उरलेली सीताफळं त्यात परत बांधली.

तिची पिशवी भरताना बायकोनं पॉलिश पेपरची अक्षरं त्यात घातली. भावानं ती बाहेर काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाला, "हे ह्यांच्या शाळेचं हाय."

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे धाकटा आला. त्याला डोळ्यांनी येतं, कानांनी येतं, झोपेतही येत असावं. आजपर्यंत त्यानं माझे दोन चष्मे मोडलेत. बायको त्याला शिकवते, पण मला पुठ्ठा कापायला सांगत नाही.

संक्रांतीच्या सुमारास मी गावी गेलो. पोरगी गावच्याच शाळेत जात होती. तिथल्या सरांनीही पॉलिश पेपरची अक्षरं केली होती आणि तेही नमुना पाठ घेत होते. न येणारं मूल त्यांना आयतंच मिळालं होतं. मी विचारलं, सरांना सांगितलं नाहीस का वाचता येतं म्हणून? सांगितलं म्हणाली. सर म्हणाले, मग मोबाइलमध्ये कसं येत नव्हतं? सगळ्यात मागं बसवलंय. सरांचा पॉलिश पेपर लई बारीक, गुळगुळीतच, बोटाला काहीच कळत नाही, तरी ती त्यांना बरं वाटावं म्हणून बोट फिरवते. "शेवटी वाचायचं पण हळूच," ती म्हणाली. "लई चांगलं वाचलं तर सर रागावतात. शिकवल्यासारखं वाटत नाय म्हणतात."

परत निघालो तेव्हा भाऊ आणि पोरगी दोघंही मला फाट्यावर सोडायला आले. गाडी आली. गाडीवरची पाटी मला दिसत होती. मी चाळिशीचा आहे, शिकलेला आहे, पण भाऊ सोबत असला की गाडीची चौकशी तोच करतो आणि मी लहान भावासारखा मागं उभा राहतो. त्यानं खिडकीतल्या एका माणसाला विचारलं, त्याला नीट ऐकू गेलं नाही. मग तो कंडक्टरकडं धावला.

पोरगी माझ्या शेजारी उभी होती. तिचे डोळे पाटीवरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सरकत गेले. मग तिनं बापाकडं बघितलं आणि खालचा ओठ चावला.

"ही नाय, मागची," बाप लांबून ओरडला.

माझी गाडी हीच होती. तिनं माझी पिशवी खाली ठेवली आणि आम्ही मागच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो.