मागच्या बाजूची राणी

विनिपेगला आम्ही आलो तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. मी तिला मुलगी म्हणते, ती मला मावशी म्हणते, आणि दोन्ही बरोबर आहे. ती माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी माझं लग्न तिच्या वडिलांशी लावून दिलं. पाच वर्षं ज्या माणसाला भाऊजी म्हटलं, त्याला एका सकाळपासून 'अहो' म्हणायचं होतं. ते जिभेवर येईना, म्हणून पहिले सहा महिने मी त्यांना काहीच म्हटलं नाही. जेवायला बोलवायचं असलं की ताटावर वाटी आपटायचे.

आता जे सांगते आहे ते त्या लग्नानंतर पंधरा वर्षांनी झालं, दोन हजार आठच्या फेब्रुवारीत. मुलगी युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होती. कॉम्प्युटरचे विषय सोडून तिनं प्राचीन ग्रीक राज्यांचा इतिहास घेतला, तेव्हा तिचे वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. ते एरवीही फारसं बोलत नाहीत, त्यामुळे तिच्या ते लक्षातच आलं नाही. त्या विषयात तिला एका राणीवर निबंध लिहायचा होता आणि सोबत घराण्याची वंशावळ काढून जोडायची होती. त्यासाठी तिनं मला धरलं.

धरायचं कारण होतं. लग्नाआधी मी नागपूरला एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं काम. इथे आल्यावर त्या कामाला कुणी विचारीना. हा हात शेवटी एका ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत उपयोगी पडला, केकवर हॅपी बर्थडे लिहायला. मॅनेजर माझी अक्षरं गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायची आणि मला मनातून राग यायचा. माझी पेनं, सेट स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरची सुरळी मात्र मी नागपूरहून आणली होती, ती बेसमेंटमध्ये पडून होती. तीच मी वर आणली आणि डायनिंग टेबलावरचं सगळं आवरून कागद चिकटवला.

मुलगी सांगायला लागली आणि मी पेन खाली ठेवलं, कारण नातं कळल्याशिवाय रेघ कशी ओढणार? तिच्या सांगण्यावरून मला समजलं ते असं. मकदूनियाचा तो जगज्जेता अकाली मेला, त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, त्यातल्या एकाच्या वाट्याला इजिप्त आलं. त्या सेनापतीचा मुलगा पुढे राजा झाला. त्याची बायको म्हणजे थ्रेस नावाच्या देशाच्या म्हाताऱ्या राजाची मुलगी. आणि ह्याची सख्खी मोठी बहीण त्याच म्हाताऱ्याला दिलेली. म्हटलं, हे आपलं साटंलोटं झालं, ह्यात विशेष काय? पण मग म्हातारा लढाईत पडला. बहिणीनं सावत्र भावाशी लग्न केलं, त्यानं तिची दोन लहान मुलं मारली, आणि ती जीव घेऊन माहेरी, इजिप्तला, धाकट्या भावाच्या आसऱ्याला आली. थोड्याच काळात भावाच्या बायकोवर कट केल्याचा आरोप आला. तिला नाईलच्या वरच्या अंगाला, दूरच्या एका गावी पाठवून दिलं. आणि भावानं ह्या सख्ख्या बहिणीशी लग्न केलं.

मी बोटं मोजत बसले. ही बहीण त्या बायकोची सावत्र आई. नणंदही. आणि आता सवत. एका बाईला इतकी नाती मी आमच्या नात्यागोत्यात कुठे पाहिली नव्हती, आणि आमच्याकडे तर मीच आहे. वर दोघींचं नावही एकच. मुलगी हसत म्हणाली की प्राध्यापकांचाही गोंधळ होतो, मावशी, तू घाबरू नकोस.

खरी मेख मुलांची होती. पहिल्या राणीची तीन मुलं मागे राहिली. ती ह्या दुसऱ्या राणीची, म्हणजे आत्याची, मुलं ठरवली गेली. त्यातला थोरला राजा झाल्यावर शिलालेखांत त्याचे आईबाप म्हणून बाप आणि आत्या, एवढेच. जन्म देणारीचं नाव नाही.

दुपारभर बसून मी वंशावळ पुरी केली. फार दिवसांनी हात खुशीत होता. मुलगी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून बघत राहिली, आणि मग म्हणाली, "मावशी, दिस इज बॅकवर्ड्स."

मी आत्याकडून मुलाकडे अखंड रेघ ओढली होती आणि जन्म देणारीकडून डॉटेड. तिच्या क्लासच्या रिवाजाप्रमाणे ते उलटं हवं होतं. दत्तकाला डॉटेड, रक्ताच्या आईला सॉलिड. मी म्हटलं, आमच्या धंद्यात जे समोरून दिसतं ते अखंड आणि जे आहे पण मागे झाकलेलं आहे ते डॉटेड. भिंतीमागचा पाइप, बांधाखालची मोरी. मुलाच्या समोर आत्या होती, आई दूर गावी होती, मग काय काढणार? हात आपोआप तसाच चालला होता. पण हे सांगताना माझा आवाज चढला आणि कशासाठी चढला ते मला कळलं नाही.

ट्रेसिंगवरची शाई पुसता येत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. मी ब्लेड आणायला उठले. तेवढ्यात तिच्या निबंधाचं पान बाजूला पडलेलं दिसलं ते वाचलं. इंग्रजी मला हळूहळू येतं, पण तेवढं आलं. तिनं लिहिलं होतं की पहिल्या राणीला घालवण्याचं कारस्थान त्या आलेल्या नणंदेचंच. मी विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, पुरावा असा नाही, पण बघ ना, ती आली आणि ही गेली. फायदा कोणाचा झाला?

मी त्या राणीची बाजू घेऊन भांडले. दोन मुलं डोळ्यांदेखत मेलेली बाई, आसऱ्याला आलेली, ती कशाला कारस्थान करेल? राजा काय कुक्कुलं बाळ होता? त्याच्या मनात नसतं तर त्यानं बायकोला घालवलं असतं का? मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिनं जे विचारलं ते ह्या राणीबद्दल नव्हतं.

"तू नागपूरला आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा आई घरीच होती ना?"

"होती."

"मग तिला अमरावतीला कोणी पाठवलं?"

खिडकीबाहेर शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता, त्याच्या फावड्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, माहेरीच तर गेली होती ती. म्हटलं, दूध उतू जाईल. गॅसवर दूध नव्हतं.

बहिणीच्या किडन्या गेल्या होत्या. तिची सेवा आणि लेकरू सांभाळायला मी रजा टाकून त्यांच्याकडे राहायला गेले. चार महिन्यांनी तिला अमरावतीला आमच्या आईकडे नेलं आणि पाच आठवड्यांत ती तिथेच गेली. मुलगी माझ्यापाशी नागपूरलाच राहिली. एवढं मला माहीत आहे. पण तिला न्या असं कोण म्हणालं? मी स्वतःला विचारलं तर मला वाटत होतं, आईच म्हणाली. आईला बोलताना मी पाहिलंही होतं, हिरवी साडी नेसलेली. पण हिरवी साडी तर आईनं माझ्या लग्नात घेतली.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, डॉक्टर म्हणाले होते. थोड्या वेळानं म्हणाले, बहुतेक. सोळा वर्षांत आम्ही ह्या विषयावर तेवढेच शब्द बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलिंग कार्डवरचा नंबर खरवडून मी अमरावतीला फोन लावला. आईला आता कमी ऐकू येतं, मला ओरडून विचारावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून विचारणं काय असतं ते मलाच ठाऊक. आई म्हणाली, "तूच तं म्हणाली होती, आई, तिले घेऊन जा इकडून. आता काहून विचारून राहिली?"

मी फोन ठेवला आणि पायरीवर बसले. मी असं म्हटलं असेल? म्हटलं असेल तर कशासाठी? ती रोज कण्हायची, पोर दाराआडून बघायचं, मला ते बघवत नव्हतं हे खरं. पण त्या घरात मला बरं वाटायला लागलं होतं हेही खरं. पोर माझ्या हातनंच जेवायचं. भाऊजी घरी आले की पाणी मी द्यायचे. ह्यातलं काय आधी आणि काय नंतर ते मला लावता येईना. आईचं वय पंचाहत्तर, तिला कालचं आठवत नाही, मग हे कसं आठवलं? की हेच आठवतं? मला फार भीती वाटली. मुलगी मला दूर करेल ह्याची वाटलीच, पण त्याहून मी तशी होते की काय ह्याची वाटली.

रविवारी सकाळी ती टेबलाशी बसली होती तेव्हा मी तिला सांगितलं. वडील म्हणतात डॉक्टर, आजी म्हणते मी, मला वाटतं आजी. मला माहीत नाही. कदाचित मीच.

ती रडली नाही आणि चिडलीही नाही. कागदाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, पहिल्या राणीचा त्या दूर गावातला कारभारी होता म्हणे, त्याचा लेख सापडला आहे, आणि तो कारभारी तिचाच की दुसऱ्या कोणाचा ह्यावर अजून वाद आहेत. ती हे मला का सांगत होती ते मला कळलं नाही. नंतर तिनं विचारलं, "त्या बाजूनं काढलं तर कसं दिसेल?"

हा प्रश्न धंद्यातला होता. एका बाजूचं चित्र कधी पुरं धरत नाहीत, दुसऱ्या बाजूचंही काढावं लागतं. मला आपलं काही नीट उत्तर देता येईल असं दोन दिवसांत पहिल्यांदा वाटलं. मी नवा कागद लावला आणि म्हटलं, बघ, आता आपण त्या दूर गावात उभ्या आहोत. पहिली राणी अखंड आली. आत्या राजवाड्यात, भिंतीपलीकडे, ती डॉटेड झाली. मी सराईतासारखी काढत गेले. मुलाच्या चौकटीशी पेन टेकलं आणि थांबले. तिथून मूलही दिसत नाही. मूलही राजवाड्यातच राहिलं होतं. मी ती चौकट डॉटेड काढली.

मुलगी वाकून बघत राहिली.

"मला अमरावतीला का नाही नेलं?" तिनं विचारलं. "तिला भेटायला."

"तुला कांजिण्या आल्या होत्या. तिच्या जवळ नेणं धोक्याचं होतं."

"हे तिला कोणी सांगितलं?"

"मी."

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं. सगळ्या गोंधळात हे एकच ठाऊक होतं, आणि हेच मी कोणाला सांगितलं नव्हतं. अमरावतीला शेजारच्यांकडे फोन होता. मी लावला, तिला दोघांनी धरून तिथवर आणलं. मी म्हटलं, अक्का, पोरीला कांजिण्या आल्या, आणता येत नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "नको आणू. पण तिला जवळ घेऊन झोप. तिला एकटीला झोपायची सवय नाही."

हे मी जसंच्या तसं सांगितलं.

"मग झोपवलंस?"

"हो. अंगभर फोड आलेले. रात्रभर माझ्या पोटात तोंड खुपसून खाजवायचीस."

"आणि?"

"आणि मलाही आल्या," मी म्हटलं. "तुझी आई गेली त्या दिवशी मला ताप होता. म्हणून मीही जाऊ शकले नाही."

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या डाव्या भुवईच्या वर कांजिणीचा एक खड्डा आहे. तो तिनं रोज पाहिलेला आहे, लहानपणी त्यात बोट घालून खेळायची. तिनं आत्ताही हात उचलला आणि बोट तिथे ठेवलं.