बिननावाची कासंडी

कृष्णाकाठ सोडून दुष्काळी माणच्या कुसळांत कोण मरायला जाईल, असं आमचे सांगलीचे नातेवाईक म्हणत. माझी आई गेली. वडील वारलेले, पदरात मी. दहिवडीच्या पुढे एका गावात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संस्थेने दवाखाना काढला होता, तिथे तिला स्वयंपाकाचं आणि दूध वाटायचं काम मिळालं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती.

आधी तो दवाखाना सगळ्यांचा होता. खोकणारा म्हातारा, विळा लागलेली बाई, कुणीही यावं. मग तिकडच्या देणगीदारांनी कळवलं, की आमचा पैसा फक्त लहान मुलांवर खर्च करा. झालं! म्हाताऱ्यांचे बाक हलले, तिथे पाळणे टांगले गेले, कपाटातल्या बाटल्या बदलल्या, दुधाच्या भुकटीचे डबे आले. गाव त्याला लेकरांचा दवाखाना म्हणू लागलं. तिथल्या डॉक्टरीण मडमबाई वाईट नव्हत्या. कष्टाने मराठी शिकल्या होत्या. पण शिस्त अशी, की चमचाभर भुकटी इकडची तिकडे होणार नाही.

एका सकाळी एक म्हातारी दाराशी आली. मडमबाईंनी विचारलं, "लेकरू आहे?"

"हाय की. भाईर बसलंया. लय अशक्त झालंया."

"दूध पितं का?"

"दुसरं काय बी पोटात ठरत न्हाई, बाई."

मडमबाईंनी आईला वाटी भरायला सांगितली आणि लेकराला आत बोलावलं. आत आलं ते चांगलं पस्तिशीचं, झुपकेदार मिशांचं, मुंबईच्या गिरणीतून दुखणं घेऊन परतलेलं लेकरू! म्हातारी खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे मुलाचे केस पिकले तरी आईच्या तोंडी तो लेकरूच. मी तोंडावर हात ठेवून हसले, पण तो भिंतीला धरून खाली बसला तेव्हा हसू विरलं. मडमबाईंचा चेहरा उतरला. "हे दूध मला याला देता येत नाही," त्या म्हणाल्या.

मला अजून संताप येतो. आत डब्यांची चळत आणि दारात माणूस धापा टाकतोय! आईने ती वाटी पाळण्यातल्या पोराला पाजली आणि दुपारी आमच्या खोलीबाहेर, ओट्यावर दुधाची एक कासंडी मांडली. ज्याला जमेल त्याने दूध घालावं, ज्याला लागेल त्याने न्यावं. शेजारच्या अत्तारांच्या चाचींनी आपल्या शेळीची धार पहिल्यांदा तिच्यात ओतली. मग धनगरवाड्यातल्या बायका येऊ लागल्या. कुणाचं दूध कुणात मिसळलं म्हणून दोन घरं रुसून बसली, तर आई त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "आवं, तापवल्यावर कंचं कुनाचं, वळखून दावा की!" तीही घरं आली.

मिशीवाला हळूहळू उठून बसायला लागला. मडमबाई खिडकीतून सगळं बघत होत्या. त्यांनी कौतुकाने तिकडे कळवलं आणि एक दिवस हसतच आमच्या ओट्यावर आल्या. देणगीदार आमच्या कासंडीसाठी एक दुभती गाय आणि तिचा चारा द्यायला तयार होते. अट एवढीच, की दूध फक्त बाळंतिणींना मिळावं.

मिशीवाला तिथेच उन्हात बसून दूध पीत होता. आईने त्याच्याकडे बोट केलं. "मग ह्याला काय सांगू?"

मडमबाईंनी हातातलं तिकडचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

"गाय नगं, बाई," आई म्हणाली. "तुमास्नी दुसऱ्याच्या मर्जीनं चालावं लागतं, त्यात तुमचा दोष न्हाई. पन ह्या कासंडीवर कुनाचं नाव घालू नगा."

माणच्या माळावर, ऐन उन्हाळ्यात, घरी चालून आलेली गाय तिने नाकारली. शेळ्या आटत चालल्या होत्या, कासंडी अर्धी राहू लागली होती, आणि आमची भाकरी त्याच मडमबाईंच्या हातात होती. पण माझी छाती अशी भरून आली, की अख्ख्या सांगलीत माझ्या आईच्या तोडीची बाई नाही, हे मला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडमबाई आपल्या चहाच्या दुधाचा पेला घेऊन आल्या. तो कासंडीत रिकामा केला आणि दवाखान्यात गेल्या. गाव सोडेपर्यंत त्या कोरा चहा प्यायल्या.