न धुतलेली फुलं

"तिच्या हातावर नको. पानावर टाक."

काकू सुनेला हळूच म्हणाल्या, पण मी आईच्या मागेच उभी होते. आईनं प्रसादासाठी हात पुढे केला होता. सुनेनं उंबऱ्याबाहेर पान ठेवलं आणि वरून शिरा टाकला. अर्धा पानावर पडला, अर्धा फरशीवर. आईनं फरशीवरचाही उचलला.

एक बेदाणा घरंगळत पायरीपर्यंत गेला, तो बघत राहिले.

गंगेकाठी, ब्रह्मा घाटावरच्या काकूंच्या या घरातल्या देवांचे हार आई ओवते. बाबा गेल्यापासून. आम्हीही मराठीच, पण जातीनं पायरीखालचे. इंग्रजी शाळेत मला प्रवेश मिळाला तो काकूंच्या शब्दामुळे. आल्यागेल्याला त्या सांगतात, "इंग्लिश मीडियममध्ये घातली हिला, पण तोंडात मूग ते मूगच!" सगळे हसतात. मीही हसायचे.

दोन पावसाळे आईच्या बोटांची सालं निघत होती. बेचक्यांत भेगा. ती चमच्यानं भात खाऊ लागली. काकूंना कोढ, महारोग वाटला. डॉक्टर म्हणाले, कोढ नाही, ॲलर्जी आहे. रोज कशाला हात लावता?

"फुलांना," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

डॉक्टरांचा कागद मी काकूंना दाखवला होता. त्यांनी तो लांबूनच वाचला. त्यानंतरचा हा शिरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईऐवजी मी फूलमंडीत गेले. झेंडूच्या देठांना पिवळट पूड होती. आमच्या नेहमीच्या फूलवाल्याला विचारलं.

"फफूंद की दवा है, बिटिया. बरसात में न डालें तो कली सड़ जाए." त्यानं हात पुढे केले. आईचेच हात. "पहिले पंप पोखरी में धोते थे. सब मछरी उलट गई." फवारणीचा पंप धुतला त्या तळ्यातले मासे मेले होते.

बुरशीच्या त्या औषधाची रिकामी पिशवी त्याच्या सायकलला अडकवलेली होती. तिच्यात तो सुतळी ठेवायचा. मागे बारीक इंग्रजी अक्षरं. त्वचेला लागू देऊ नका. हातमोजे घाला. तळ्यात, नदीत जाऊ देऊ नका. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. दोन वर्षं मी याच मंडीतून आईबरोबर टोपली उचलून आणत होते.

काकूंच्या घरचं निर्माल्य रोज गंगेत जातं.

फुलं धुवायची नाहीत, हा काकूंचा नियम. पाण्यात बुडवलेलं फूल देवाला चालत नाही म्हणे. रबराचे हातमोजेही चालत नाहीत. म्हणून आई उघड्या हातांनी, न धुतलेली फुलं ओवत आली.

त्या दिवशी मी फुलं तीन पाण्यांतून काढली. सगळं जात नाही, तरी काढली. पाणी मोरीत ओतताना तेही शेवटी कुठे जाणार, हे कळत होतं. आई म्हणाली, "नको गं, ओळखतील त्या." मी घरातले भांडी घासायचे हातमोजे तिच्यापुढे ठेवले. तिनं ते उलटसुलट करून बघितले. मग घातले.

हार घेऊन आम्ही दोघी गेलो.

"टोपली पायरीवरच ठेव," काकू आईला म्हणाल्या. मग वाकल्या. "ओली आहेत ही! धुतलेली फुलं देवाला चालत नाहीत, एवढंही शिकवलं नाही तुझ्या शाळेनं?"

आई माझा दंड ओढत होती. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मी धुतली, काकू. या फुलांवर विष होतं, त्यानं आईचे हात सोलले. यापुढे ती हातमोजे घालूनच ओवेल, फुलं धुऊनच येतील, आणि प्रसाद तिच्या हातावर द्यायचा. नसेल चालत, तर उद्यापासून तुम्ही ओवा. न धुता."