कोळणीच्या दारावरची कडुलिंबाची फांदी

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या वर्गात आम्हाला वनस्पती, हाडे, रक्ताभिसरण असे सगळे थोडेथोडे शिकवीत. पुढे वाटा तीनच होत्या. दवाखान्यात औषधे घोटायची, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहायचे, किंवा गावोगाव फिरून देवी टोचायच्या. पहिल्या दोन्हींत दवाखान्यातल्या प्रेतांना हात लावावा लागे, तिसऱ्यात नाही, म्हणून मी तिसरे धरले. घरची सोवळी माणसे तेवढ्यावर राजी झाली. जिवंत माणसाची भीती जास्त असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती आणि तिचे काम सरळ होते. एका मुलाच्या दंडावर लस टोचायची, आठवड्याने फोड भरला की त्यातलेच पाणी घेऊन दुसऱ्याला टोचायचे. मला कळव्याच्या कोळीवाड्यातले घर मिळाले. घरात तान्ही मुलगी, तिची तरुण आई आणि आजी. टोचताना मुलगी रडली नाही, आजीच रडली.

त्या आठवड्यात मी कामे नेहमीसारखी ओळीने उरकली. हत्यारे घासली, पाठ उजळले, धोतरे धुतली. पण एक काम संपून दुसरे हाती घ्यायच्या आत ती मुलगी डोळ्यांपुढे येई. शिक्षकांनी सांगितले होते की लस खराब निघाली तर हात सडतो. आणि आसपास साथ असली तर टोचलेल्या मुलालाही खऱ्या देवी येतात, मग लोक टोचणाऱ्यालाच धरतात. आमच्या आधीच्या एकाचे डोके असेच फुटले होते. मला माझ्या डोक्यापेक्षा त्या पोरीच्या हाताची काळजी होती, असे मी स्वतःला बजावत होतो. खरे म्हणजे दोन्हींची होती.

ठरल्या दिवशी होडीने खाडी ओलांडली. घर जवळ आले तरी मासळीचा वास येईना. कोळ्याच्या घराला वास नाही, इथेच मी थबकलो. मग दारावर खोचलेली कडुलिंबाची फांदी दिसली. चूल थंड होती. आई ओट्यावर बसली होती, केस मोकळे, तेलाचा थेंब नाही. देवी निघालेल्या घराची सगळी लक्षणे मी लहानपणापासून ओळखत होतो. एकही सुटलेले नव्हते.

आजीने मला उंबऱ्याबाहेरच अडवले. "टोच्या, थांब. देवी आयलीय घरान. जोडा काढ, पाय धू."

कधी आली, असे मी विचारले.

"तूच आणलीस, न आमालाच इचारतंस?"

मी पाय धुतले. परत पळावे असे फार वाटले, पण पोरीला पाहिल्याशिवाय होडीत बसणे जमणार नव्हते. वर्गात शिकवलेले आठवले. खऱ्या देवी तोंडावर, तळहातांवर, तळपायांवर उठतात. टोचलेली देवी टोचल्या जागीच राहते. मी मुलीचे तळवे दाखवा म्हणून विनवले. आईने तिला उजेडात धरले. तळहात स्वच्छ. तळपाय स्वच्छ. तोंडही स्वच्छ. दंडावर मात्र फोड मोत्यासारखा भरलेला, मधोमध खळगी.

मी टोचलेली लस त्यांच्या लेखी देवीच होती. म्हणून फोडणी बंद, मासळी बंद, सगळे पथ्य चालू.

आता त्याच फोडाला सुई लावून पाणी न्यायचे, हे सांगणे बाकी होते. ऐकून आजी मागे सरकली. देवीला टोचून चोरून नेणार का, असे तिने विचारले. आईने फोडाकडे पाहिले आणि ती उठली.

"देवी म्हंजे पावनी, ती एकली जात नाय," ती म्हणाली. "मी पोचवाला येतंय."

तिने सुपात तांदूळ-नारळ घेतला, मुलीला कडेवर घेतले आणि शेजारच्या घरी जाऊन बसली. देवी आता त्याच्याकडे जाणार म्हणून तिने तिथल्या मुलाची ओटी भरली. तिच्या मांडीवरच मी मुलीच्या फोडाला सुई लावली आणि त्या मुलाच्या दंडावर टोचले. काम नीट झाले.

मी सुई पुसतो आहे तोवर त्या मुलाच्या आजोबांनी कडुलिंबाची फांदी आणून दारावर खोचली आणि चुलीवरचे कालवण बाहेर नेले. मी मुलाचे तळवे पाहून ठेवले. पुढच्या आठवड्याची भीती तिथूनच सुरू झाली.